फादर मास्सा यांचे पटांगण : सान लोरेन्सो क्लबचा इतिहास

अर्जेंटिना देशाची राजधानी ब्यूनस आयर्स येथील 'सान लोरेन्सो दे अल्माग्रो' हा फुटबॉल क्लब दि. १ एप्रिल १९०८ रोजी एका सालेशियन धर्मगुरूंच्या आश्रयाखाली स्थापन झाला. त्या देशातील पाच मोठ्या क्लबांत त्याची गणना होते. पोप फ्रान्सिस या क्लबचे निष्ठावंत चाहते व सभासद होते, एवढे आपल्यापैकी अनेकांनी वृत्तपत्रांत वाचले असेल. तथापि हा क्लब मुळात एका धर्मगृहाच्या आवारात खेळणाऱ्या गल्लीतील मुलांचा होता, हे आपल्याकडे फारसे ज्ञात नाही. त्याचा इतिहास वाचकांच्या माहितीसाठी आम्ही येथे देत आहोत.

अल्माग्रोची वस्ती

संत जॉन बॉस्को यांनी पाठविलेले पहिले सालेशियन मिशनरी फादर जुआन काल्येरो यांच्या नेतृत्वाखाली डिसेंबर १८७५ मध्ये ब्यूनस आयर्स येथे उतरले. त्या काळी इटली व स्पेनमधून हजारो कुटुंबे पोटापाण्यासाठी या बंदरात येत होती. अल्माग्रो हा भाग अशाच कष्टकरी निर्वासितांच्या वस्तीचा. सालेशियन संघाने तेथे शाळा, कारागिरीचे शिक्षण देणाऱ्या कार्यशाळा आणि साहाय्यकारी मरियामातेचे भव्य मंदिर उभारले. पुढे धन्यवादित म्हणून घोषित झालेला आदिवासी तरुण सेफेरिनो नामुनकुरा हा येथीलच सालेशियन शाळेचा विद्यार्थी.

सालेशियन कार्यात 'ओरातोरी' या शब्दाला विशेष अर्थ आहे. ओरातोरी म्हणजे केवळ प्रार्थनास्थळ नव्हे. संत जॉन बॉस्को यांनी तूरिन शहरातील अनाथ व कामकरी मुलांसाठी जे केंद्र सुरू केले, त्यात प्रार्थना, शिक्षण, घरपण आणि खेळाचे पटांगण ही चारही अंगे सारख्याच मोलाची मानली गेली. मुले ज्या गोष्टीवर प्रेम करतात त्या गोष्टीवर धर्मगुरूने प्रेम करावे, म्हणजे धर्मगुरू ज्यावर प्रेम करतो त्यावर मुलेही प्रेम करू लागतील, असे या संताचे शिक्षणसूत्र होते. मुंबईत माटुंगा व बोरिवली येथील डॉन बॉस्को शाळा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना तेथील विस्तीर्ण मैदानांमागील विचार यावरून ध्यानात येईल.

ट्रामखालील चेंडू

इसवी सन १९०७-०८ च्या सुमारास मेक्सिको व त्रेइन्ता इ त्रेस या दोन रस्त्यांच्या चौकात परिसरातील मुलांची एक टोळी फुटबॉल खेळत असे. त्यांनी स्वतःस 'लोस फोर्सोसोस दे अल्माग्रो' असे नाव घेतले होते. फेदेरिको मोंती आणि अन्तोनिओ स्कारामुस्सो हे दोघे त्यांचे म्होरके. खेळाला जागा नव्हती. रस्ता हेच मैदान. त्याच रस्त्यावरून ट्राम धावत असे. एके दिवशी खेळाच्या भरात एक मुलगा ट्रामच्या धडकेत सापडला आणि थोडक्यात बचावला, असे क्लबच्या परंपरेत सांगितले जाते.

हा प्रकार जवळच्या संत अंतोनी ओरातोरीचे फादर लोरेन्सो मास्सा यांच्या दृष्टीस पडला. ते त्या वेळी अवघे पंचविशीतील तरुण धर्मगुरू होते. मुलांना रागे भरून घरी पिटाळणे सोपे होते, आणि तसे करणारी वडीलधारी मंडळी वस्तीत होतीच. फादरांनी मुलांना ओरातोरीच्या मागील पटांगणात येऊन खेळण्याचे आमंत्रण दिले. अट एकच : रविवारच्या पवित्र मिस्साला यावयाचे.

या अटीविषयी थोडे लिहिणे आम्हांस आवश्यक वाटते. मैदानाचे आमिष दाखवून मुलांना मंदिरात आणणे कितपत योग्य, असा प्रश्न आज कोणीही विचारील, आणि तो अगदीच अनाठायी नाही. परंतु त्या मुलांच्या जीवनाचा विचार करता फादरांनी भक्ती व खेळ यांचा व्यापार मांडला असे आम्हांस वाटत नाही. ओरातोरीत जो येईल त्याला जेवढे पटांगण, तेवढीच वेदी आपली वाटावी, हा तेथील परिपाठच होता. शिवाय ही मुले परकी नव्हती. बहुतेकांच्या घरी श्रद्धा होती, फक्त त्यांना रस्त्यावरून आत बोलावणारे कोणी नव्हते.

नाव, रंग आणि कावळे

दि. १ एप्रिल १९०८ रोजी ओरातोरीत सभा भरली आणि रीतसर क्लब स्थापन झाला. जुने नाव फादरांना पसंत नव्हते. मुलांनी क्लबला फादर मास्सा यांचेच नाव द्यावे असा आग्रह धरला. फादरांनी तो ठामपणे नाकारला. अखेर 'सान लोरेन्सो' हे नाव ठरले. संत लॉरेन्स हे इ. स. २५८ मध्ये रोम येथे रक्तसाक्षी झालेले उपगुरू. शिवाय ३ फेब्रुवारी १८१३ रोजी जनरल सान मार्तीन यांनी सान लोरेन्सो येथील फ्रान्सिस्कन मठानजीक स्पॅनिश सैन्यावर विजय मिळविला होता, त्याचेही स्मरण या नावात होते. धर्म व देश ही दोन्ही कारणे सांगून फादरांनी संमती दिली खरी, पण त्यांचे स्वतःचे नावही लोरेन्सोच होते. मुलांनी आपला हट्ट अशा रीतीने पुरा करून घेतला, असे म्हणावयास हरकत नाही. आपल्या वस्तीचे नाव वगळले जाऊ नये म्हणून 'दे अल्माग्रो' हे शब्द पुढे जोडले गेले.

क्लबचे निळा व तांबडा हे रंग साहाय्यकारी मरियामातेच्या वस्त्रांवरून घेतले असे मानतात. क्लबच्या समर्थकांना आजही 'कुएर्वोस' म्हणजे कावळे म्हणतात. सालेशियन धर्मगुरूंच्या काळ्या पायघोळ झग्यावरून प्रतिस्पर्ध्यांनी चिडविण्यासाठी हे नाव पाडले. समर्थकांनी ते अभिमानाने स्वीकारले. आपल्याकडे कावळा म्हटले की श्राद्धाचा पिंड आठवतो, तेथे मात्र तो फादर मास्सा यांची आठवण देतो.

फादर मास्सा यांनी केवळ याच क्लबवर आपले कार्य थांबविले नाही. दि. १५ ऑगस्ट १९१५ रोजी, मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणी, त्यांनी 'डॉन बॉस्कोचे एक्स्प्लोरादोरेस' ही मुलांची संघटना स्थापन केली. ३१ ऑक्टोबर १९४९ रोजी ते ख्रिस्तवासी झाले.

उत्कर्ष

१९१५ साली क्लब पहिल्या श्रेणीत पोहोचला. पटांगण आता अपुरे पडू लागले होते. दि. ७ मे १९१६ रोजी बोएदो भागात ला प्लाता रस्त्यावर क्लबचे स्वतःचे मैदान सुरू झाले. लाकडी फळ्यांचे हे स्टेडियम दिसावयास गॅसच्या टाकीसारखे, म्हणून लोक त्यास 'गासोमेत्रो' म्हणू लागले. अर्जेंटिनाच्या राष्ट्रीय संघाचे अनेक सामने तेथेच झाले. १९२३, १९२४, १९२७ व १९३३ मध्ये क्लबने विजेतेपद मिळविले.

१९४६ चा संघ विशेष गाजला. फार्रो, पोंतोनी व मार्तिनो या तिघा आघाडीपटूंना 'सोनेरी त्रिकूट' म्हणत. विजेतेपदानंतर हा संघ स्पेन व पोर्तुगालच्या दौऱ्यावर गेला आणि तेथील निवडक संघांवर मोठ्या फरकाने विजय मिळवून आला.

त्या वर्षी प्रेक्षकांत नऊ वर्षांचा एक मुलगा वडिलांबरोबर येत असे. त्याचे नाव होर्हे मारिओ बर्गोलिओ. अल्माग्रो भागाशी त्याचे नाते जन्मापासूनचे. १७ डिसेंबर १९३६ रोजी जन्मलेल्या या बालकाचा स्नानसंस्कार त्याच वर्षीच्या नाताळच्या दिवशी अल्माग्रो येथील साहाय्यकारी मरियामातेच्या मंदिरात सालेशियन फादर एन्रिके पोझ्झोली यांच्या हस्ते झाला होता. वडील क्लबच्या बास्केटबॉल संघात खेळलेले. पुढे पोपपदी आल्यावरही १९४६ च्या संघाचा आणि पोंतोनी यांच्या एका गोलचा उल्लेख करताना त्यांना विशेष आनंद होत असे.

मैदान गमावले

लष्करी राजवटीच्या काळात (१९७६-१९८३) क्लबवर संकट आले. क्लब कर्जात बुडाला होता. शहराच्या लष्करनियुक्त प्रशासनाने त्या जागी रस्ते व घरे बांधावयाची असल्याचे सांगून मैदान सोडण्यासाठी दडपण आणले. २ डिसेंबर १९७९ रोजी गासोमेत्रोवर बोका जुनिअर्सविरुद्ध शेवटचा सामना झाला. तो गोलशून्य बरोबरीत सुटला. जमीन कवडीमोलाने गेली. नियोजित रस्ते व घरे झालीच नाहीत. जागा पुढे अनेक पट किमतीस विकली जाऊन १९८५ मध्ये तेथे एक परदेशी सुपरमार्केट उभे राहिले.

बेघर झालेला संघ १९८१ मध्ये, शेवटच्या सामन्यात ०-१ असा हरून, दुसऱ्या श्रेणीत घसरला. पाच मोठ्या क्लबांपैकी अशी घसरण होणारा हा पहिलाच. १९८२ मध्ये घडले ते मात्र अपूर्व. खालच्या श्रेणीतील या संघाचे सामने भाड्याच्या मैदानांवर होत असताना प्रेक्षकांची एवढी गर्दी लोटली, की पहिल्या श्रेणीतील क्लबांना तिचा हेवा वाटावा. त्याच वर्षी संघ पुन्हा वर आला. १६ डिसेंबर १९९३ रोजी बाहो फ्लोरेस भागात नवे स्टेडियम सुरू झाले. परंतु जुन्या वस्तीपासून ते दूर होते आणि बोएदोच्या रहिवाशांचे मन तेथे रमले नाही.

मैदान परत मागण्याची चळवळ शेजारच्या सामान्य लोकांनी चालविली. दि. ८ मार्च २०१२ रोजी प्लाझा दे मायो येथे लाखाच्या घरात लोक जमले. त्याच वर्षी १५ नोव्हेंबर रोजी शहराच्या विधिमंडळाने जागा परत देण्याचा कायदा संमत केला. जागेची किंमत मात्र चुकती करावयाची होती. चाहत्यांनी चौरस मीटरच्या हिशेबाने वर्गणी गोळा केली. कोणी एक मीटर घेतला, कोणी कुटुंबातील दिवंगतांच्या नावाने घेतला. १ जुलै २०१९ रोजी, चाळीस वर्षांनी, जमीन क्लबच्या ताब्यात आली. आमच्या मते क्लबच्या सर्व चषकांहून ही घटना थोर आहे.

सभासद क्रमांक ८८२३५

२००८ साली, क्लबच्या शताब्दी वर्षी, कार्डिनल बर्गोलिओ क्लबचे सभासद झाले. मार्च २०१३ मध्ये ते पोपपदी निवडले गेले. त्याच डिसेंबरात संघाने राष्ट्रीय विजेतेपद मिळविले आणि १८ डिसेंबर रोजी, पोपमहोदयांच्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी, खेळाडूंनी चषक व्हॅटिकनला नेला. दक्षिण अमेरिकेतील क्लबांचा सर्वोच्च 'लिबेर्तादोरेस' चषक तोवर या क्लबला कधी मिळाला नव्हता व त्यावरून प्रतिस्पर्धी हिणवीत असत. १३ ऑगस्ट २०१४ रोजी पराग्वेच्या नासिओनाल संघाविरुद्ध ओर्तिगोसा यांच्या पेनल्टी गोलवर तोही जिंकला गेला आणि आठवड्याभरात तो चषकही रोमला पोहोचला. डिसेंबरमध्ये मोरोक्को येथील क्लब विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात रेआल माद्रिदकडून ०-२ अशी हार झाली.

गंमत अशी, की या काळात पोपमहोदय सामने पाहत नव्हते. १९९० मध्ये मरियामातेला दिलेल्या वचनामुळे त्यांनी दूरचित्रवाणी पाहणे सोडले होते. एक स्विस रक्षक दर आठवड्यास त्यांना निकाल व गुणतक्ता कळवीत असे. वार्षिक वर्गणी मात्र चुकत नसे.

२१ एप्रिल २०२५ रोजी, ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, पोप फ्रान्सिस प्रभुचरणी लीन झाले. त्या वेळी त्यांचे वय ८८ वर्षे होते आणि अर्जेंटिनात पहाटेचे २ वाजून ३५ मिनिटे झाली होती. त्यांचा सभासद क्रमांक ८८२३५ असल्याचे चाहत्यांच्या लगेच ध्यानात आले. आम्ही यास योगायोग मानतो; चाहत्यांनी काय मानावे हे त्यांच्यावर सोपवितो. ला प्लाता रस्त्यावर परत मिळालेल्या जागेत नवे स्टेडियम बांधून त्यास त्यांचे नाव देण्याचा क्लबचा संकल्प त्यांच्या हयातीतच जाहीर झाला होता.