सिद्धगड

सिद्धगड : ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यातील एक लहानसे शेतकरी गाव व त्याच नावाचा डोंगरी किल्ला. सह्याद्रीचा मुख्य कडा कोकणात कोसळतो त्याला लागून, पण खिंडीने त्याच्यापासून सुटा झालेला हा डोंगर सुमारे ३,२०० फूट उंच आहे. वर उभ्या कातळाचा बालेकिल्ला, त्याच्या पायाशी रुंद माची आणि माचीवर घरे, भातखाचरे व नारमातेचे देऊळ अशी येथील रचना. उत्तरेस गोरखगड व मच्छिंद्रगड हे दोन सुळके, दक्षिणेस भीमाशंकरचे पठार, पूर्वेस घाटमाथ्यावर पुणे जिल्ह्याचा आंबेगाव तालुका. मुरबाडहून म्हसामार्गे जांभुर्डे, नारिवली किंवा बोरवाडी या पायथ्याच्या गावांपर्यंत रस्ता आहे. तेथून माचीवर चढूनच जावे लागते.

हे गाव महाराष्ट्राला माहीत आहे ते एका पहाटेमुळे. २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल व हिराजी पाटील हे क्रांतिकारक येथील जंगलात इंग्रजांच्या गोळ्यांना बळी पडले. मात्र ते दोघे याच डोंगरात का आले आणि येथील माणसांनी त्यांना का सांभाळले, हे समजण्यासाठी गावच्या शेतीकडे आणि रानाकडे पाहावे लागते. म्हणून या नोंदीत किल्ल्यापेक्षा माचीला अधिक जागा दिली आहे.

किल्ल्याबद्दल थोडक्यात : माचीत शिरताना दरवाजाचे अवशेष लागतात. बालेकिल्ल्यावर जाणारी वाट घसाऱ्याची व अवघड असून वर कातळात खोदलेली पाण्याची टाकी व पडक्या बांधकामांची जोती आहेत. मराठ्यांच्या ताब्यातील हा मुलूख १८१७-१८ च्या युद्धानंतर पेशव्यांकडून इंग्रजांकडे गेला. गडाचे खरे काम घाटवाटांवर नजर ठेवण्याचे होते. उत्तरेला नाणेघाट हा सातवाहनकाळापासूनचा कल्याण-जुन्नर मार्ग, तर जवळच खोपिवलीहून वर चढणारा आहुप्याचा घाट. आहुप्याच्या वाटेने देशावरची माणसे कोकणातल्या बाजाराला उतरत आणि कोकणातली माणसे महाशिवरात्रीला भीमाशंकरी जात. किल्ल्याचे लष्करी महत्त्व संपले. माचीवरची शेती मात्र चालू राहिली.

या पट्ट्यात महादेव कोळी, ठाकर, कातकरी व कुणबी हे मुख्य समाज. शेती पावसावरची आणि एकपिकी. जमिनीचे दोन प्रकार लोक सरळ वेगळे मानतात. बांध घातलेली, पाणी धरणारी ती भातखाचरे. आणि उताराची, मुरमाड ती वरकस. वरकसावर पहिल्या वर्षी नाचणी, पुढच्या वर्षी वरई, नंतर खुरासणी आणि मग जमीन काही वर्षे पडीत, असा फेरा असे. खुरासणीचे तेल घरात येई, नाचणी-वरईने पावसाळा निघे. भात मात्र घरच्या खाण्याबरोबरच देणे फेडण्याचे पीक होते. हळवे, निमगरवे, गरवे असे तिन्ही प्रकारचे भात खाचराच्या खोलीप्रमाणे आणि ओलाव्याप्रमाणे निवडले जाई. उतारावरच्या वरच्या खाचरात हळवे, कारण दसऱ्यानंतर तेथे पाणी टिकत नाही.

या शेतीचा कणा म्हणजे राब. थंडीच्या अखेरीस शेतकरी रानात जाऊन ऐन, किंजळ अशा झाडांच्या फांद्या छाटतो; या डहाळ्यांना कवळ म्हणतात. भाताच्या रोपांसाठी ठरवलेल्या तुकड्यावर आधी शेण पसरायचे, त्यावर कवळ, त्यावर गवत व पातेरा, आणि सगळ्यावर बारीक मातीचा थर द्यायचा. चैत्र-वैशाखात, वारा पडलेला असताना, वाऱ्याच्या उलट दिशेने त्याला आग लावायची, म्हणजे ती भडकत नाही. धुमसत जाते आणि जमीन खोलवर भाजते. तणाचे बी मरते, राख खत होते. पहिल्या पावसाच्या तोंडावर याच तुकड्यात धान पेरले जाते. तीन-चार आठवड्यांनी रोपे, म्हणजे आवण, उपटून मुठी बांधायच्या, चिखळणी केलेल्या खाचरात नेऊन लावायच्या. ही आवणी आषाढात चालते. डोक्यावर इरले, कमरेत वाकलेली माणसे, गुडघाभर चिखल. आठ-दहा दिवसांत सगळे गाव एकमेकांच्या खाचरात उतरलेले असते. राब न भाजता टाकलेल्या रोपांत तण माजते आणि आवण पिवळी पडते, असा येथील जुन्या शेतकऱ्यांचा अनुभव आहे.

राब हवा तर रान हवे. म्हणूनच इंग्रजी अमलात या भागातील शेतकरी व सरकार यांच्यातील खरा झगडा सारावाढीइतकाच जंगलावरून झाला. १८७८ च्या वन कायद्यानंतर राखीव जंगलाच्या हद्दी आखल्या गेल्या आणि कवळ तोडणे, गुरे चारणे, सरपण आणणे या पिढ्यान्‌पिढ्यांच्या गोष्टी परवान्याच्या किंवा गुन्ह्याच्या झाल्या. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतून तक्रारी इतक्या वाढल्या की १८८५ मध्ये मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला आणि त्यात राबाचा प्रश्न सविस्तर चर्चिला गेला. भातशेती आणि जंगल ही एकाच कुटुंबाची दोन अंगे आहेत, हे कागदावर मान्य व्हायला एवढा आटापिटा लागला. डोंगरउतारावर नाचणी-वरई करणाऱ्यांना पुढे दळी व एकसाली अशा नावांनी वर्षावर्षाच्या बोलीवर तुकडे मिळत राहिले. कसणारा तोच, पण जमिनीवर त्याचे नाव नाही, अशी ही अवस्था पिढ्या चालली.

दुसरे ओझे सावकारीचे. आषाढ-श्रावणात कणगी रिकामी होई तेव्हा खाण्यासाठी धान्य उसने आणावे लागे. याला खावटी म्हणत. सुगी झाली की त्याच धान्याची दिढीने, कधी दुपटीने फेड. खळ्यावर झोडणी चालू असतानाच सावकाराचा माणूस माप घेऊन उभा राही, आणि घरी जाणारे भात पुढच्या श्रावणापर्यंत पुरत नसे. मग पुन्हा खावटी. हा फेरा तोडण्याचा सर्वांत ठोस प्रयत्न शेजारच्या कर्जत-नेरळ भागात झाला आणि तो करणारा माणूस पुढे सिद्धगडशी कायमचा जोडला गेला.

विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचा जन्म १ डिसेंबर १९१२ रोजी माथेरानला, नाभिक कुटुंबात झाला. ते वकील झाले, माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले. पण त्यांचे नाव खेड्यांत पोहोचले ते वेगळ्या कामांनी : कुळांची बाजू कोर्टात मांडणे, डोंगरातल्या वाड्यांवर लोकवर्गणीच्या शाळा चालवणे, आणि धान्यकोठ्या काढणे. धान्यकोठीची कल्पना साधी होती. सुगीत गावाने धान्य एकत्र साठवायचे आणि पावसाळ्यात ज्याला लागेल त्याला अल्प वाढीवर द्यायचे, म्हणजे सावकाराच्या दारात जावे लागणार नाही. महायुद्धाच्या टंचाईच्या दिवसांत या कोठ्यांनी कित्येक घरांची चूल पेटती ठेवली. भाई ही पदवी त्यांना या लोकांनी दिली.

ऑगस्ट १९४२ मध्ये ‘छोडो भारत’चा ठराव झाला आणि कोतवाल भूमिगत झाले. त्यांनी ‘आझाद दस्ता’ उभारला. दस्त्यात शेतकरी होते, आदिवासी होते, शिकलेले तरुण होते. टाटांच्या खोपोली (१९१५) व भिवपुरी (१९२२) या जलविद्युत केंद्रांची वीज मुंबईच्या गिरण्यांना व रेल्वेला जात होती. ती वीज वाहून नेणारे मनोरे डोंगरांतून उभे होते. दस्त्याने रात्री या मनोऱ्यांचे बोल्ट सोडवून व पाय करवतीने कापून ते आडवे करायला सुरुवात केली. युद्धाच्या ऐन काळात मुंबईची वीज तुटणे सरकारला परवडणारे नव्हते. शोधमोहीम, बक्षिसे, खेड्यांवर दबाव सुरू झाला आणि दस्ता कर्जतकडून डोंगराडोंगराने सिद्धगडच्या रानात सरकला.

येथे दस्त्याला आश्रय मिळाला तो योगायोगाने नव्हे. राबासाठी कवळ तोडताना ज्यांनी रखवालदाराची भीती अनुभवली होती, खावटीसाठी ज्यांनी दिढी भरली होती, त्या लोकांना हा माणूस आपल्या बाजूचा आहे हे कळत होते. रानातल्या माणसांना भाकरी पोहोचवणे, पायवाटेवर नजर ठेवणे, विचारणाऱ्याला चुकीची वाट सांगणे, ही कामे करणाऱ्यांची नावे इतिहासाच्या पुस्तकांत फारशी आली नाहीत. तरीही खबर फुटली. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे पोलिसांनी दस्त्याचा तळ घेरला. गोळीबारात हिराजी पाटील पडले. पायाला गोळी लागून जखमी झालेल्या कोतवालांवर हॉल या पोलीस अधिकाऱ्याने जवळून गोळी झाडली. त्यांचे वय तीस वर्षांचे होते.

पायथ्याला आज हुतात्मा स्मारक आहे. दरवर्षी १ जानेवारीच्या रात्रीपासून मुरबाड, कर्जत, नेरळ भागातील लोक येथे जमतात व २ तारखेच्या पहाटे मानवंदना देतात. नेरळजवळ कोतवालांच्या नावाने कोतवालवाडी ट्रस्ट ही संस्था उभी राहिली, आणि २०२० मध्ये त्यांच्यावर ‘शहीद भाई कोतवाल’ हा मराठी चित्रपट आला.

स्वातंत्र्यानंतर १९४८ चा कूळ कायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषकदिन यांमुळे ठाणे जिल्ह्यातील पुष्कळ कुळे खाचरांची मालक झाली. वरकस व दळीच्या जमिनींचे घोंगडे मात्र भिजतच राहिले. १६ सप्टेंबर १९८५ रोजी भीमाशंकर वन्यजीव अभयारण्य घोषित झाले. त्याचे क्षेत्र १३०.७८ चौ. किमी. असून ते पुणे, ठाणे व रायगड या तीन जिल्ह्यांत पसरले आहे. सिद्धगडचे रान या अभयारण्यात येते. शेकरू या राज्यप्राण्याचे हे हक्काचे घर आणि ते राखलेच पाहिजे. पण अभयारण्याच्या नियमांत कवळ, चराई व रानभाज्या यांवर जगणाऱ्या शेतकऱ्याची जागा नेमकी कोणती, हा १८८५ चा प्रश्न नव्या रूपात पुन्हा उभा राहिला. २००६ च्या वनहक्क कायद्याने कसत असलेल्या वनजमिनीवर नाव लागण्याची वाट उघडली. मुरबाड-शहापूर भागात श्रमिक मुक्ती संघटनेसारख्या संघटनांनी हे दावे लावून धरले. शहापूर तालुका संपूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात आहे, मुरबाडमधील केवळ ७७ गावे त्यात आहेत. त्यामुळे शेजारशेजारच्या दोन गावांत ग्रामसभेचे अधिकार वेगळे असल्याचेही आढळते.

शेतीचे अर्थकारण बदलले तरी वर्षाचा क्रम पुष्कळसा तोच आहे. सुगी आटोपली की पौष पौर्णिमेची म्हशाची यात्रा येते. म्हसोबाची, म्हणजे खांबलिंगेश्वराची, ही यात्रा गुरांच्या बाजारासाठी दूरवर प्रसिद्ध आहे. पुढच्या चिखळणीची बैलजोडी येथेच पारखून घेतात. घोंगड्या, शेतीची अवजारे, संसाराची भांडीही येथूनच घरी जातात. ट्रॅक्टर आणि पॉवर टिलर आल्यावर बैलबाजार रोडावला आहे, पण डोंगरउतारावरच्या अरुंद खाचरात अजून बैलच चालतो. ज्यांच्याकडे खाचर नाही अशी कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात.

३० जुलै २०१४ रोजी घाटमाथ्यापलीकडे, आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव दरडीखाली गाडले गेले. दीडशेच्या वर माणसे गेली. सिद्धगडची माचीही उभ्या कातळाच्या पायाशी आहे. माळीणनंतर माचीवरच्या वस्तीला सुरक्षित जागी हलवण्याचा विषय शासनासमोर आला. कड्याखाली माणसांनी प्रत्येक पावसाळ्यात जीव मुठीत धरून राहावे असे कोणी म्हणणार नाही. वस्ती खाली आणणे रास्तच आहे. परंतु पुनर्वसन म्हणजे पायथ्याला बांधलेल्या घरांची ओळ नव्हे. माचीवरच्या माणसाचे जगणे खाचर, वरकस आणि रान या तिघांवर उभे आहे. त्याला घराबरोबर भाताची जमीन मिळाली नाही, वरच्या खाचरांवरचा त्याचा हक्क टिकला नाही आणि रानातली ये-जा बंद झाली, तर तो शेतकरी राहणार नाही. वीटभट्टीच्या गाडीत बसणारा आणखी एक मजूर होईल. दरवर्षी २ जानेवारीला स्मारकावर फुले वाहणाऱ्या लोकप्रतिनिधींनी व अधिकाऱ्यांनी वर माचीपर्यंत चढावे, तेथील सातबारे व वनहक्काचे दावे मागवून पाहावेत आणि ते निकाली काढावेत.