दुष्काळात कोणता पाला खावा? एका मिंग राजपुत्राचा ग्रंथ

बांबूचे, पाणकणसाचे, देवनळाचे कोवळे कोंब चीनच्या स्वयंपाकघरात आवडीने शिजतात. मात्र या कोंबांना भुकेचाही एक इतिहास आहे आणि तो लिहून ठेवला एका राजपुत्राने. आजचा धागा त्याच्याविषयी.

झू सू (१३६१–१४२५) हा मिंग घराण्याचा संस्थापक होंगवू सम्राट याचा पाचवा मुलगा. पीत नदीकाठचे खायफंग ही त्याची जहागीर. महापूर आणि अवर्षण या दोहोंनी पिडलेला हा प्रदेश. परवानगीवाचून जहागीर सोडल्याबद्दल १३८९ मध्ये त्याच्यावर पित्याचा कोप झाला. पुढे पुतण्या सम्राट झाला, तेव्हा संशयावरून झू सूची पदवी काढून घेण्यात आली आणि त्याला दूर युन्नानमध्ये धाडण्यात आले. १४०२ मध्ये भाऊ योंगल सिंहासनावर बसला आणि मगच त्याला खायफंग परत मिळाले. राजकारणापासून चार हात दूर राहणेच आता शहाणपणाचे होते. त्याने बाग केली.

शेतकऱ्यांकडून आणि रानावनांतून चारशेहून अधिक वनस्पती आणवून त्याने त्या बागेत लावल्या. त्या वाढताना तो स्वतः निरखीत असे आणि चित्रकारांकडून त्यांची चित्रे काढवून घेत असे. ही हकीकत ग्रंथाच्या प्रस्तावनेत ब्यान थोंग याने नोंदवली आहे. १४०६ मध्ये ‘च्यूह्वांग बन्त्साओ’, म्हणजे ‘दुष्काळ-निवारणाचा वनस्पतिकोश’, सिद्ध झाला. त्यात ४१४ वनस्पती आहेत. त्यांपैकी १३८ जुन्या औषधी ग्रंथांत आढळतात. उरलेल्या २७६ यापूर्वी कोणी ग्रंथात घेतल्याच नव्हत्या.

या ग्रंथाचे वेगळेपण समजण्यासाठी त्याचा प्रश्न लक्षात घ्यावा लागतो. जुने वैद्यकग्रंथ विचारीत, ‘ही वनस्पती कोणत्या रोगावर चालते?’ झू सू विचारतो, ‘हिचे काय खाता येईल आणि कसे?’ पान, फळ, मूळ, कोंब यांपैकी खाण्याजोगा भाग कोणता, यावरून नोंदी लावल्या आहेत. पाणकणसाचे आणि देवनळाचे कोंब ‘मूळ व कोंब’ या गटात येतात. आपली घोळ भाजीही ग्रंथात आहे. प्रत्येक नोंदीत वनस्पती कुठे उगवते, दिसते कशी, चव कशी हे सांगून शेवटी ‘भूक भागवण्यासाठी’ या मथळ्याखाली कृती दिलेली असते. बहुतेक कृती एकाच वळणाच्या: कोवळी पाने उकडावी, पाण्यात भिजवून कडूपणा काढावा, धुवावी, तेलमीठ लावून खावी.

काही वनस्पती मात्र विषारी, आणि खरी कसोटी तिथेच होती. भुकेला माणूस दिसेल ते तोंडात घालतो. चुकीचे पान म्हणजे मृत्यू. ‘पाइछूत्साय’ या विषारी वनस्पतीची कृती पाहण्याजोगी आहे. पाने स्वच्छ मातीबरोबर शिजवावी, मातीसकट रात्रभर भिजत ठेवावी, मग पाणी बदलून नीट धुऊन खावी. माती विषारी द्रव्य शोषून घेते, हे यामागचे आजचे स्पष्टीकरण. ते रसायनशास्त्र त्या काळी ठाऊक असणे शक्य नव्हते. हाती होता तो केवळ अनुभव. हा अनुभव मुळात कोणाचा, कितीजण आधी दगावले असतील, याविषयी ग्रंथ मौन पाळतो. ज्या शेतकऱ्यांनी रोपे दाखवली त्यांतील एकाचेही नाव त्यात नाही.

श्रेयाच्या बाबतीत खुद्द राजपुत्रही सुटला नाही. सोळाव्या शतकातील एका आवृत्तीत ग्रंथ चुकून त्याच्या मुलाच्या नावावर गेला आणि ली शिझनसारख्या थोर वनस्पतिज्ञानेही तीच चूक पुढे चालवली.

शिवाय ज्यांच्यासाठी तो लिहिला, त्यांतील बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. चित्रे होती ती त्यासाठीच, तरी ग्रंथ आधी पोहोचणार तो अधिकाऱ्यांच्याच हाती. सुमारे शंभर वर्षांनी गाओयोऊच्या वांग पान याने ६० रानभाज्यांचे छोटेसे पुस्तक रचले आणि प्रत्येक भाजीला एक पद जोडले. पद तोंडपाठ होते. या बाबतीत वांग पान राजपुत्राच्या पुढे गेला, असे म्हणावे लागते.

१४०६ ची मूळ छपाई आज उपलब्ध नाही. उरलेली सर्वांत जुनी प्रत १५२५ ची. १६३९ मध्ये शू ग्वांगचीच्या कृषिग्रंथात हा मजकूर समाविष्ट झाला, १७१६ मध्ये जपानमध्ये त्याची आवृत्ती निघाली. १९४६ मध्ये, महायुद्ध नुकतेच संपले असताना, शांघायमध्ये बर्नार्ड रीड याने त्यातील वनस्पतींची इंग्रजी यादी प्रसिद्ध केली.