मेरीमातेचा पदर

इ. स. १५०६ च्या सुमारास फ्लॉरेन्स येथील लोरेन्झो नासी ह्या व्यापाऱ्याच्या विवाहानिमित्त राफाएल ह्या तरुण चित्रकारानें मेरीमाता व बाल येशू यांचें एक चित्र काढिलें. बाल योहानानें आणिलेल्या चिमुकल्या पक्ष्यास येशू कुरवाळीत आहे. तो पक्षी म्हणजे त्याच्या भावी यातनांची खूण. मेरीच्या हातीं पुस्तक आहे. हें चित्र आज फ्लॉरेन्सच्याच उफित्सी संग्रहालयांत आहे.

श्रोत्यांनीं येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. मेरी पॅलेस्टाइनांतील नाझरेथची. पण चित्रांतील नदी, पूल, सडपातळ झाडें सारीं इटलीचीं, आणि मुखहि तेथील तरुणीचें. बांधीव पुस्तक तर तिच्या हातीं असणें शक्यच नव्हतें. तिच्या लोकांचे धर्मग्रंथ गुंडाळ्यांवर लिहिलेले असत. तरीहि ह्या चित्रास कोणी अधार्मिक म्हणत नाहीं.

हेंच युरोपीय मुख पोर्तुगीजांबरोबर गोव्यास आलें. गोव्याहून निघालेले जेझुइट पाद्री १५८० मध्यें फत्तेपूर शिक्रीस अकबराच्या दरबारीं पोंचले, तेव्हां मेरीचें चित्र त्यांच्याबरोबर होतें; तेथील चित्रकारांनीं तशा चित्रांच्या नकला केल्या. गोव्यांत मात्र तें मुख इतकें रुळलें कीं, मेरीचें खरें रूप तेंच, अशी समजूत होऊन बसली.

त्या समजुतीस धक्का दिला तो गोव्याच्याच एका कॅथॉलिक चित्रकारानें. अँजेलो द फोन्सेका यांचा जन्म १९०२ चा. शांतिनिकेतनांत अवनींद्रनाथ टागोर व नंदलाल बोस यांच्या हाताखालीं शिकून ते परतले, आणि त्यांच्या कुंचल्यांतून साडी नेसलेली, गव्हाळ वर्णाची मेरी अवतरली. गोव्यांत ह्यावर टीकेचा गहजब उडाला. अखेर पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमांत त्यांस आसरा मिळाला, व १९६७ मध्यें मृत्यु येईपर्यंत त्यांनीं आपली वाट सोडली नाहीं.

नागपूरच्या एखाद्या देवघरांतील तसबिरींत यशोदेच्या अंगावर आपल्याकडील लुगडें दिसलें, तर कोणी हरकत घेत नाहीं. राफाएलनें केलें तेंच फोन्सेका यांनीं केलें. पण एकाची ती कला ठरली, दुसऱ्याची आगळीक. परकें रूप फार दिवस पुजिलें म्हणजे त्याचें परकेपण दिसेनासें होतें, आणि स्वतःचेंच रूप परकें वाटूं लागतें.

आज फोन्सेका यांच्या चित्रांचा मोठा संग्रह गोव्यांतील झेवियर इतिहास संशोधन केंद्रानें जतन केला आहे. पदर घेतलेली ती माता उशिरां कां होईना, आपल्या माहेरीं परतली आहे.