हमामात्सु : किल्ल्याच्या गावातून उद्योगनगरीकडे

जपानच्या होन्शू बेटावर, तोक्यो आणि ओसाका या दोन महानगरांच्या साधारण मध्यावर हमामात्सु हे शहर वसले आहे. शिझुओका प्रांताच्या पश्चिम भागातील या शहराच्या पूर्वेस तेनऱ्यू नदी, पश्चिमेस हमाना हे खाऱ्या-गोड्या पाण्याचे सरोवर, दक्षिणेस पॅसिफिक महासागर आणि उत्तरेस दाट वनांनी झाकलेले डोंगर आहेत. २००५ मध्ये आसपासची ११ गावे व नगरे सामावून घेतल्याने शहराचे क्षेत्रफळ सुमारे १,५५८ चौरस किलोमीटर झाले. २०२० च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ७ लाख ९० हजारांच्या आसपास होती. लोकसंख्येने ते प्रांतात पहिले आहे. प्रांताची राजधानी शिझुओका शहराचा क्रमांक त्यानंतर लागतो. सुझुकी, यामाहा, कावाई आणि होंडा ही चारही नावे या एकाच शहराच्या परिसरात उदयास आली. पियानो आणि मोटारसायकल या परस्परांशी काहीही संबंध नसलेल्या वस्तू एकाच गावात का निर्माण व्हाव्यात, या प्रश्नाचे उत्तर शहराच्या इतिहासात दडलेले आहे.

किल्ला आणि राजमार्ग

या भागाचे जुने नाव तोतोमी, म्हणजे 'दूरचे सरोवर'. प्राचीन राजधानी क्योतोजवळचे बिवा हे जवळचे सरोवर, तर हमाना दूरचे. १४९८ च्या भूकंपात सरोवर आणि समुद्र यांमधील वाळूची पट्टी फुटली आणि गोड्या पाण्यात समुद्र शिरला.

पुढे अडीच शतके जपानवर राज्य करणाऱ्या घराण्याचा संस्थापक तोकुगावा इएयासु याने १५७० मध्ये येथील हिकुमा या जुन्या गढीचा विस्तार करून हमामात्सुचा किल्ला उभारला. त्याने वयाची उमेदीची वर्षे येथे काढली. बलाढ्य सरदार ताकेदा शिंगेन याचे सैन्य जानेवारी १५७३ मध्ये किल्ल्याला वळसा घालून पश्चिमेकडे निघाले, तेव्हा इएयासुने शहराच्या उत्तरेकडील मिकातागाहारा पठारावर त्याला गाठले. या लढाईत त्याचा दारुण पराभव झाला आणि मोजक्या सोबत्यांनिशी त्याला किल्ला गाठावा लागला. शिंगेन त्याच वर्षी मरण पावला व इएयासु बचावला. १५८६ मध्ये त्याने आपले ठाणे सुम्पु, म्हणजे आजच्या शिझुओका येथे हलविले.

त्याच्यामागे येथे नेमले गेलेले अनेक सरदार तोक्योच्या, तत्कालीन एदोच्या, दरबारात उच्चपदी चढले. त्यामुळे या किल्ल्याला 'भाग्योदयाचा किल्ला' म्हटले जाऊ लागले. मिझुनो तादाकुनी हा त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध. दरबारातील मोठ्या पदाच्या आशेने त्याने १८१७ मध्ये अधिक उत्पन्नाची कारात्सुची जहागीर सोडून हमामात्सु पत्करले आणि पुढे प्रमुख मंत्री म्हणून १८४१ ते १८४३ या काळात आर्थिक सुधारणांचा प्रयत्न केला. एदो-क्योतो राजमार्गावरील ५३ मुक्कामांपैकी हमामात्सु हा २९ वा मुक्काम असल्याने व्यापारी, कारागीर आणि प्रवासी यांची येथे सतत वर्दळ असे.

मेइजी काळात किल्ला पाडण्यात आला. आज दिसणारा मनोरा १९५८ मध्ये काँक्रीटचा बांधलेला आहे. मात्र न घडविलेले दगड एकमेकांत बसवून रचलेला पायथ्याचा तट जुना आहे.

कापूस, लाकूड आणि सूर

या प्रदेशात कापूस पिकत असे आणि घरोघरी माग चालत. तेनऱ्यू नदीच्या खोऱ्यातील लाकूड प्रवाहातून खाली येई. माग बनविणारे, लाकूड कापणारे आणि लोखंड घडविणारे कारागीर यांमुळे शहरात जमा झाले. जपानमधील यांत्रिक मागाचे जनक व टोयोटा उद्योगसमूहाचे मूळ पुरुष साकिची तोयोदा यांचा जन्म १८६७ मध्ये येथून जवळच, सरोवरापलीकडील आजच्या कोसाई येथे झाला. १९१२ मध्ये सुरू झालेल्या रेल्वेच्या कारखान्यामुळे यंत्रकामात तरबेज कामगारांची भर पडली.

वाद्यनिर्मितीची सुरुवात मात्र एका दुरुस्तीतून झाली. १८८७ मध्ये येथील प्राथमिक शाळेतील परदेशी ऑर्गन बिघडला. हा ऑर्गन म्हणजे मराठी संगीत नाटकांतून परिचित असलेला, पायाने भाता मारून वाजविण्याचा प्रकार. वैद्यकीय उपकरणे दुरुस्त करणाऱ्या तोराकुसु यामाहा यांना तो दाखविण्यात आला. त्यांनी दोष शोधला आणि असे वाद्य आपणही बनवू शकतो, असे ठरविले. पहिला ऑर्गन खांद्यावरील दांडीला टांगून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्याने हाकोनेचा घाट ओलांडून तोक्योला नेला, अशी कथा कंपनीच्या इतिहासात सांगितली जाते. संगीत संस्थेने सूर बरोबर नसल्याचे सांगितल्यावर यामाहांनी स्वरशास्त्राचे धडे घेतले व दुसरे वाद्य तयार केले. १८९७ मध्ये 'निप्पोन गाक्की', म्हणजे आजची यामाहा, ही कंपनी स्थापन झाली आणि १९०० मध्ये तिने पियानो बनविला. त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या कोइची कावाई यांनी १९२७ मध्ये स्वतःचा पियानो उद्योग सुरू केला. मिचिओ सुझुकी यांनी १९०९ मध्ये मागांचा कारखाना काढला होता.

याच शहरातील तंत्रशाळेत केंजिरो ताकायानागी यांनी २५ डिसेंबर १९२६ रोजी जपानी लिपीतील 'इ' हे अक्षर विद्युतकिरण नळीच्या पडद्यावर उमटवून दाखविले. जपानमधील दूरचित्रवाणीची सुरुवात या प्रयोगापासून मानली जाते. त्यांच्या एका शिष्याने १९५३ मध्ये स्थापन केलेली कंपनी आज 'हमामात्सु फोटॉनिक्स' म्हणून ओळखली जाते. कामिओकांदे प्रयोगशाळेतील तिच्या प्रकाशनळ्यांनी १९८७ मध्ये दूरच्या अतिदीप्त ताऱ्याच्या स्फोटातून आलेले न्यूट्रिनो टिपले आणि त्या कार्यासाठी मासातोशी कोशिबा यांना २००२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

विध्वंस आणि दुचाकी

युद्धकाळात पियानोचे कारखाने विमानांचे पंखे व मागांचे कारखाने शस्त्रांचे भाग बनवू लागले. साहजिकच शहर हल्ल्यांचे लक्ष्य झाले. १८ जून १९४५ च्या रात्री आगलाव्या बाँबने शहराचा मोठा भाग जळाला आणि २९ जुलैच्या रात्री अमेरिकी व ब्रिटिश युद्धनौकांनी समुद्रातून तोफांचा मारा केला.

युद्ध संपले तेव्हा कारखाने उद्ध्वस्त झाले होते, पण कारागिरांचे कसब शिल्लक होते. याच परिसरात १९०६ मध्ये जन्मलेल्या सोइचिरो होंडा यांनी १९४६ मध्ये लष्कराने टाकून दिलेली बिनतारी संचांची छोटी इंजिने सायकलींना जोडून विकण्यास प्रारंभ केला. गाड्या अपुऱ्या आणि इंधन दुर्मिळ असल्याने या सायकलींना मागणी आली. पाहता पाहता शहरात मोटारसायकल बनविणाऱ्या लहानमोठ्या अनेक कार्यशाळा निघाल्या. सुझुकींनी १९५२ मध्ये इंजिनाची सायकल काढली. विमानांच्या पंख्यांची यंत्रे पडून असलेल्या यामाहाने १९५५ मध्ये मोटारसायकलीसाठी वेगळी कंपनी स्थापन केली. 'यारामाइका', म्हणजे 'चला, करून पाहू', हा या भागातील बोलीभाषेतील शब्द येथील उद्योजकांची वृत्ती सांगताना हमखास वापरला जातो.

भारताशी या शहराचा संबंध सुझुकीमुळे आला. १९८२ मध्ये मारुती उद्योगाशी करार झाला आणि डिसेंबर १९८३ मध्ये पहिली मारुती ८०० रस्त्यावर आली. हा निर्णय घेणारे ओसामु सुझुकी यांचे डिसेंबर २०२४ मध्ये निधन झाले. २०२५ मध्ये भारताने त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर केले. आज सुझुकीच्या मोटारींची सर्वांत मोठी बाजारपेठ जपान नसून भारत आहे.

परके कामगार

कारखान्यांना मनुष्यबळ कमी पडू लागल्यावर जपानने १९९० मध्ये परदेशी स्थायिक झालेल्या जपानी वंशजांसाठी कायदा शिथिल केला. ब्राझीलमधून हजारो कुटुंबे हमामात्सुत आली आणि जपानी शहरांतील सर्वांत मोठी ब्राझीलियन वसाहत येथे निर्माण झाली. चेहरा जपानी व भाषा पोर्तुगीज असलेल्या या लोकांचे स्वागत कारखान्यात झाले, तरी शेजारात ते सहज झाले नाही. १९९८ मध्ये एका ब्राझीलियन महिलेला दागिन्यांच्या दुकानातून परदेशी म्हणून बाहेर काढण्यात आले. पुढल्या वर्षी येथील न्यायालयाने वंशभेदविरोधी आंतरराष्ट्रीय कराराचा आधार घेऊन तिला १५ लाख येन भरपाई मंजूर केली. २००१ मध्ये परदेशी वस्ती मोठी असलेल्या शहरांची परिषद हमामात्सुत भरली आणि मुलांचे शिक्षण व सामाजिक विमा यांबाबत केंद्र सरकारने धोरण आखावे, अशी मागणी करणारे जाहीरनामापत्र तेथे संमत झाले.

२००८ च्या जागतिक मंदीत सर्वप्रथम नोकऱ्या गेल्या त्या याच कंत्राटी कामगारांच्या. २००९ मध्ये सरकारने मायदेशी परतणाऱ्या कामगाराला ३ लाख येन व कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीला २ लाख येन देऊ केले. मात्र त्याच प्रकारच्या परवान्यावर परत येता येणार नाही, अशी अट घातली. ही बंदी २०१३ मध्ये सशर्त उठविण्यात आली, तोवर शहरातील ब्राझीलियनांची संख्या सुमारे निम्म्यावर आली होती. जे राहिले त्यांची मुले जपानी शाळांत शिकून मोठी झाली.

आजचे शहर

जपानमधील पियानोनिर्मितीने १९८० च्या सुमारास वर्षाला सुमारे ३ लाख ९० हजारांचा उच्चांक गाठला. त्यानंतर ती सतत घटत गेली. उत्पादनाचा मोठा भाग परदेशी गेला. यामाहाने २०१९ मध्ये चेन्नईजवळ वाद्यांचा कारखाना सुरू केला. उद्योग हलले तरी संगीताची ओळख शहराने जपली आहे. १९९१ पासून येथे आंतरराष्ट्रीय पियानो स्पर्धा भरते, १९९५ मध्ये वाद्यांचे संग्रहालय उघडले आणि २०१४ मध्ये युनेस्कोने 'संगीतनगरी' म्हणून शहराला मान्यता दिली. स्थानकाजवळच्या २१३ मीटर उंचीच्या मनोऱ्याचा आकारही माउथऑर्गनसारखा आहे. मे महिन्याच्या ३ ते ५ तारखांना मोहल्ल्यामोहल्ल्यांतून प्रचंड पतंग उडविले जातात. पहिल्या अपत्याच्या जन्माचा आनंद साजरा करण्याची ही रीत आहे. हमाना सरोवरातील वाम मासे आणि मोडाच्या कडधान्यासह वाढली जाणारी ग्योझा ही येथील खासियत.

शहरापुढे दोन मोठे प्रश्न आहेत. पहिला लोकसंख्येचा : वस्ती घटत असल्याने जानेवारी २०२४ मध्ये शहराचे सात प्रशासकीय विभाग तीनवर आणण्यात आले. दुसरा समुद्राचा. नानकाई खंदकातील संभाव्य भूकंप आणि त्सुनामी यांपासून संरक्षणासाठी हमाना सरोवरापासून तेनऱ्यू नदीपर्यंत साडेसतरा किलोमीटर लांबीचा बंधारा २०२० मध्ये पूर्ण झाला. त्यासाठी येथे सुरू झालेल्या एका गृहबांधणी उद्योगसमूहाने ३०० कोटी रुपयांच्या नव्हे, तर ३०० 'ओकु', म्हणजे ३,००० कोटी येनची देणगी दिली. पाच शतकांपूर्वी ज्या किनाऱ्यावरून समुद्र आत आला, तेथेच हा बंधारा उभा आहे.