मोरचूद, चुना आणि कोयता

आषाढातल्या पावसाची चार-आठ दिवस झड लागली, की श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, चौल, नागाव या भागातल्या आगरांत पोफळींखाली हिरव्या, कोवळ्या सुपाऱ्या गळून पडू लागतात. वाऱ्याने पडलेली सुपारी आणि ही सुपारी यांत फरक असतो. हिच्या देठाजवळ पाणी मुरल्यासारखा गडद हिरवा डाग असतो, त्या जागेची चकाकी गेलेली असते, आणि दोन दिवस तशीच पडू दिली तर तिच्यावर कापसासारखी पांढरी बुरशी चढते. हा कोळेरोग. नाव मूळचे कानडी आहे, आणि कानडीत ‘कोळे’ म्हणजे कुजणे. एका घडाला रोग लागला, की पावसाच्या शिंतोड्यांबरोबर तो शेजारच्या घडावर जातो, आणि औषध केले नाही तर बागेतले निम्म्याहून अधिक पीकही हातचे जाऊ शकते. रोग शेंड्यापर्यंत पोचला तर झाडच मरते. पोफळ लावल्यापासून पीक धरायला पाच ते आठ वर्षे लागतात, हे लक्षात घेतले म्हणजे आगरवाल्या कुटुंबाच्या दृष्टीने शेंडा कुजणे म्हणजे काय, ते वेगळे सांगायला नको.

यावर जे औषध मारतात ते आजही बहुतेक ठिकाणी आगरातच, पिंपात किंवा हंड्यात तयार होते. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. यालाच बोर्डो मिश्रण म्हणतात. पुष्कळांना ते पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या घरगुती उपायांपैकीच एक वाटते. चुना पानाच्या डब्यातला आणि भिंतीचा, मोरचूदही घरात अनोळखी नाही. पुस्तके बांधायच्या खळीला बुरशी लागू नये म्हणून त्यात चिमूटभर मोरचूद टाकण्याची पद्धत शाळेतल्या जुन्या शिक्षकांना आठवत असेल. पण या दोन वस्तू एकत्र येण्याचा इतिहास आपल्याकडचा नाही. तो सुरू होतो फ्रान्समध्ये, आणि त्यात चोरांचा भाग मोठा आहे.

तांब्याने बुरशी मरते, हे बऱ्यापैकी लवकर कळले होते. १८०७ मध्ये बेनेदिक्त प्रेव्हो या अभ्यासकाने गव्हावरच्या काणी रोगाचे बीजाणू पाण्यात रुजवून पाहिले. तांब्याच्या भांड्याशी संबंध आलेल्या पाण्यात ते रुजत नाहीत, असे त्याच्या ध्यानात आले. त्यावरून पेरणीपूर्वी बियाणे मोरचुदाच्या पाण्यात भिजवावे, असे त्याने सुचवले. रोग सूक्ष्म जीवामुळे होतो, ही गोष्टच तेव्हा विद्वानांना मान्य नव्हती. पाश्चरचा जन्म व्हायला अजून पंधरा वर्षे होती. त्यामुळे प्रेव्होकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही.

पुढची घटना १८८२ च्या ऑक्टोबरातली. फ्रान्समधल्या द्राक्षबागा त्या वेळी एका मागून एक संकटांतून जात होत्या. आधी अमेरिकेतून आलेल्या फायलॉक्सेरा नावाच्या किडीने वेलींची मुळे खाल्ली. त्यावर उपाय म्हणून अमेरिकी वेलींचे खुंट आणले, तर अमेरिकेतलाच केवडा रोग १८७८ मध्ये फ्रान्समध्ये दिसू लागला. (नाशिक-सांगलीच्या बागाईतदारांना त्रास देणारा केवडा तो हाच.) बोर्दो विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक असलेले प्येर मिलार्दे या रोगाच्या मागावर होते. सँ-झुल्यँ गावातल्या एका मळ्यातून जाताना त्यांना दिसले, की आतल्या वेलींची पाने गळून गेली आहेत आणि रस्त्याकडेच्या वेली मात्र हिरव्या आहेत. जवळ जाऊन पाहिले तर त्या पानांवर निळसर पांढरा थर वाळलेला. मळ्याचे व्यवस्थापक एर्नेस्त दाव्हिद यांना विचारले, तेव्हा उलगडा झाला. येणारेजाणारे द्राक्षे तोडून नेतात म्हणून रस्त्यालगतच्या वेलींवर तांब्याचे क्षार आणि चुना कालवून शिंपडायचा, अशी तिथल्या शेतकऱ्यांची रीत होती. तो रंग पाहून द्राक्षांना विष लावले आहे असे लोकांना वाटावे, एवढाच हेतू.

मिलार्दे आणि गावकरी, दोघांनीही पाहिले ते एकच. फरक पडला तो पुढच्या तीन वर्षांत. मिलार्दे यांनी युलिस गेयाँ या रसायनशास्त्रज्ञाच्या आणि दाव्हिद यांच्या मदतीने वेगवेगळे तांब्याचे क्षार, चुन्याबरोबर आणि चुन्यावाचून, वेगवेगळ्या प्रमाणांत, औषध मारलेल्या ओळींशेजारी न मारलेल्या ओळी ठेवून तपासले आणि १८८५ मध्ये कृती प्रसिद्ध केली. शंभर लिटर पाण्यात आठ किलो मोरचूद. तीस लिटर पाण्यात पंधरा किलो चुना. दोन्ही एकत्र करून लहान केरसुणीने पानांवर शिंपडायचे. म्हणजे जवळजवळ लापशीच! पुढे प्रमाण कमी करत करत आजच्या एक टक्क्यावर आले, पाठीवरचे पंप निघाले आणि केरसुणी मागे पडली. न मारलेल्या ओळी मुद्दाम मागे ठेवणे, हे मला या साऱ्या कथेतले सगळ्यात अवघड काम वाटते. रोगाने बाग जात असताना काही ओळींना औषध न देण्याला मळेवाला कसा तयार झाला असेल, याचा विचार विद्यार्थ्यांना जरूर करायला लावावा.

द्राक्षाचा केवडा आणि सुपारीचा कोळेरोग यांचा संबंध काय? दोन्ही रोगांचे जीव एकाच गटातले. कोळेरोगाचा जीव फायटॉफ्थोरा या प्रजातीतला आहे. ‘वनस्पतींचा विध्वंसक’ असा त्या ग्रीक नावाचा अर्थ. १८४५ नंतर आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक नासून जो भयंकर दुष्काळ पडला, तो याच प्रजातीच्या दुसऱ्या एका जातीमुळे. आपण त्यांना सवयीने बुरशी म्हणतो, पण आजच्या वर्गीकरणाप्रमाणे ते खऱ्या बुरशीपेक्षा समुद्रकाठच्या खडकांवर वाढणाऱ्या तपकिरी शैवालांच्या अधिक जवळचे आहेत. त्यांचे बीजाणू पाण्यात चक्क पोहतात. म्हणूनच हा रोग पावसाचा. दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या आपल्या किनाऱ्यावर त्याला आणखी काय हवे?

भारतात कोळेरोगाची शास्त्रीय नोंद एडविन बटलर यांनी १९०६ मध्ये केली. त्यानंतर १९०८ मध्ये म्हैसूर संस्थानात लेस्ली कोलमन हे कॅनडाहून आलेले तरुण शास्त्रज्ञ नेमले गेले, आणि त्यांनी पहिल्यांदा हाच रोग अभ्यासाला घेतला. मलनाडातले बागवाले घडांवर पोफळीच्या विऱ्यांची किंवा गवताची टोपी बांधत. (विरी म्हणजे झावळीच्या बुडाचा तो रुंद पापुद्रा, त्यावर बसवून एकमेकांना ओढत नेण्याचा खेळ कोकणात कोण खेळले नसेल?) घडावर पाणी पडू न देणे हा उपाय तत्त्वाने अगदी बरोबर होता, पण प्रत्येक घडाला टोपी बांधायची म्हणजे मजुरी फार. कोलमन यांनी १९१० मध्ये आपला अभ्यास प्रसिद्ध केला आणि बोर्डो मिश्रणाची फवारणी सुचवली. मलनाडच्या पावसात औषध धुऊन जाई, म्हणून राळ आणि धुण्याचा सोडा उकळून केलेला चिकट द्राव त्यात घालत. तीच पद्धत पुढे सुपारीच्या इतर मुलुखांत गेली. कोकणात आज दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे श्रीवर्धनला सुपारी संशोधन केंद्र आहे, आणि पाऊस सुरू होण्याआधी एक व त्यानंतर सुमारे दीड महिन्याने दुसरी फवारणी, हा सल्ला आगरवाल्यांना पाठ आहे.

आता कृतीकडे वळू, कारण खरा घोळ तिथे होतो.

नुसते मोरचुदाचे पाणी फवारले तर काय बिघडते? दोन गोष्टी. ते आम्लधर्मी असते आणि त्यातले तांबे पूर्ण विरघळलेले असते, म्हणून कोवळी पाने व फळे करपतात. आणि पहिल्याच सरीत ते वाहून जाते. चुना घातला की तांब्याचा न विरघळणारा, चिकट, आकाशी रंगाचा साका बनतो. तो पानावर आणि सुपारीवर वाळून बसतो. पुढे ओल्या पृष्ठभागावर बीजाणू येऊन पडला, की त्या साक्यातून अगदी थोडे थोडे तांबे सुटते आणि बीजाणूची विकरे निकामी करते. म्हणजे औषध आधी हजर पाहिजे. आत शिरलेल्या रोगावर त्याचा उपयोग नाही, आणि सुपाऱ्या गळू लागल्यावर धावपळ करणाऱ्याला हे औषध बदनाम वाटते ते त्यामुळे. या साक्याची नेमकी रचना काय, यावर रसायनशास्त्रज्ञ पुढे कित्येक वर्षे वाद घालत होते. इंग्लंडमध्ये स्पेन्सर पिकरिंग यांनी १९०७ च्या सुमारास त्यावर बरेच काम केले.

चुना किती लागतो, हे वर्गात काढून पाहण्यासारखे गणित आहे. स्फटिकी मोरचुदाचा रेणुभार सुमारे २५०, कळीच्या चुन्याचा ५६. एका रेणूला एक रेणू धरला तर एक किलो मोरचुदाला साधारण २२५ ग्रॅम शुद्ध कळीचा चुना पुरतो. मग कृतीत एक किलो का? कारण गावात मिळणारा चुना शुद्ध नसतो. कोकणात पूर्वी शिंपले भाजून चुना करत. भट्टी नीट लागली नाही तर शिंपला आत कच्चाच राहतो. चांगला भाजलेला चुनाही उघडा पडला तर हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा कार्बोनेट, म्हणजे जवळपास होता तसा शिंपलाच होतो. वजन तेवढेच, किंबहुना जास्त. पण जोर गेलेला. चौपट चुना घेण्याची रीत हा त्यावरचा ढोबळ तोडगा. चुना फारच जुना असेल तर तोही अपुरा पडतो, आणि वजनकाट्यावर हे कळत नाही.

ते कळते कोयत्याने. तयार मिश्रणात स्वच्छ घासलेले लोखंडी पाते मिनिटभर बुडवून काढायचे. पात्यावर तांबूस थर चढला तर विरघळलेले तांबे अजून शिल्लक आहे. चुन्याची निवळी आणखी घालायची. पाते जसेच्या तसे निघाले की फवारणी करायला हरकत नाही. लोखंड तांब्याला त्याच्या क्षारातून बाहेर ढकलते, ही नववी-दहावीच्या पुस्तकातली विस्थापन अभिक्रिया. प्रयोगशाळेत तीच आपण खिळ्यावर दाखवतो आणि मुले ती परीक्षेपुरती लक्षात ठेवतात. सुपारीच्या आगराशेजारच्या शाळेत ती वेगळ्या तऱ्हेने करता येईल. एक ग्रॅम मोरचूद पन्नास मिलिलिटर पाण्यात विरघळवा. ताजी चुन्याची कळी विरवून तिचे दूध करा आणि ते थोडे थोडे घालत, दर वेळी नवा घासलेला खिळा बुडवून पाहा. किती चुन्याला खिळा लाल व्हायचा थांबतो, ते नोंदवा. मग महिनाभर उघड्यावर ठेवलेला चुना घेऊन तेच करा, आणि तिसऱ्या वेळी शिंपल्याची बारीक पूड घ्या. पूड इतकी सावकाश काम करते की मुले कंटाळतील. कंटाळू द्यावे.

आणखी दोन बारकावे. मिश्रण लोखंडी, जस्ताच्या किंवा ॲल्युमिनियमच्या भांड्यात करू नये. कारण वर आलेच आहे. प्लास्टिक, माती किंवा लाकूड चालते. मोरचूद आणि चुना दोन भांड्यांत वेगवेगळे, भरपूर पाण्यात करून घ्यावेत आणि मोरचुदाचे पाणी चुन्याच्या दुधात ओतावे, किंवा दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात. दाट द्रावणे घाईने एकत्र केली की साका भरड होतो आणि तळाला बसतो. मिश्रण त्याच दिवशी संपवावे. रात्रभर राहिले तर त्या चिकट साक्याचे स्फटिक होऊ लागतात आणि मग ते पानाला धरत नाही.

घरी केलेले औषध म्हणजे निरुपद्रवी, ही समजूत मात्र या बाबतीत टिकत नाही. मोरचूद पोटात गेले तर विषच आहे. मिठाईच्या खड्यासारखे दिसणारे ते निळे स्फटिक मुलांच्या हाती लागू नयेत. द्राक्षबागेत वर्षानुवर्षे हे औषध फवारणाऱ्या कामगारांच्या फुप्फुसांचा एक आजार १९६९ मध्ये पोर्तुगालमधल्या डॉक्टरांनी वर्णन केला. तोंडाला फडके बांधायचे ते त्यासाठी. शिवाय तांबे कुजत नाही, उडून जात नाही. ते जमिनीत साठत जाते. युरोपात जुन्या द्राक्षबागांच्या मातीत ते इतके साठले, की २०१९ पासून तिथे सात वर्षांत हेक्टरी २८ किलो तांब्याची मर्यादा घातली गेली आहे. मासे आणि कोळंबीला ते फार थोड्या प्रमाणातही घातक असते. आपल्याकडे आगरातले पाणी पन्हळीने विहिरीपासून झाडापर्यंत आणि पुढे ओहोळाने खाडीत जाते. उरलेले मिश्रण आणि पिंप धुतलेले पाणी त्या पन्हळीत न सोडता विहिरीपासून लांब खड्ड्यात मुरवावे.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरजवळ किनाऱ्यावर आले आणि काही तासांत या पट्ट्यातल्या पोफळी मधोमध मोडून पडल्या. त्यानंतर लावलेली रोपे आता पहिला घड धरू लागली आहेत. जुन्या बागांत पन्नास-साठ फूट उंच झाडावर चढून, वरच्या वर एका पोफळीवरून दुसरीवर जाणारा कसबी गडी लागे. असे गडी आता फार थोडे उरले आहेत. नव्या पोफळींचे घड अजून खाली आहेत, आणि जमिनीवर उभे राहून पाठीवरच्या पंपाला लांब नळी लावली की फवारा पुरतो.