मिरवणुकीचा मार्ग



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ हे व्याख्यान योजिले आहे, त्यांच्यापाशी मी इतिहास शिकलो. म्हणून मराठीचा अध्यापक असूनही आज इतिहासातला एक प्रसंग सांगतो. विषय आरोग्याचा आहे. पण औषधांचा नव्हे, नगराच्या वागणुकीचा आहे.

होळकरांच्या इंदुरात पॅट्रिक गेडिस हे स्कॉटिश नगररचनाकार आले, तेव्हा प्लेगची धास्ती होती. १९१८ साली त्यांचा अहवाल दरबारला सादर झाला. गल्लीबोळांतून हिंडणाऱ्या या गृहस्थांना लोक ‘प्लेग आणणारा म्हातारा साहेब’ म्हणत. गेडिसांनी धाक घातला नाही. दिवाळीला मिरवणूक काढली. तिचा मार्ग रूढीचा नव्हता. जेथली घरे सर्वांत अधिक झाडलेली, डागडुजी केलेली असतील, त्या रस्त्यांनी ती जाणार होती. मग गल्लोगल्ली चढाओढ लागली. मिरवणुकीत प्लेगचा भलामोठा उंदीर होता आणि शुभ्र वस्त्रे ल्यालेले, हार घातलेले सफाई कामगार होते. ज्यांना गाव दूर ठेवी, त्यांना गावाने मान दिला.

नई सडकेवर उभे राहून हे का आठवावे? ग्वाल्हेरला रुग्णालयांचे दुर्भिक्ष नव्हते. जयारोग्य रुग्णालय १८९९ चे, गजराराजा वैद्यकीय महाविद्यालय १९४६ चे. तरीही माझे थोरले बंधू अठ्ठावन्नाव्या वर्षी अर्धांगवायूने अंथरुणाला खिळले. त्यांचा रक्तदाब त्यापूर्वी कोणी मोजलाच नव्हता. दादांना काही दुखत नव्हते, म्हणून आम्हीही कधी विचारले नाही. ती खंत आजही आहे.

प्लेगचा उंदीर दिसतो. रक्तदाब आणि मधुमेह दिसत नाहीत. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात दहा कोटींवर मधुमेही आहेत आणि त्याच्या उंबरठ्यावर उभे असलेले तेरा कोटींवर. हे लोक आपण होऊन रुग्णालयात जात नाहीत. तपासणीनेच त्यांच्या वस्तीत गेले पाहिजे.

हे घडू शकते. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून झोपडवस्त्यांतील दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांतील निम्म्यांची गर्भाशयमुखाची तपासणी साध्या व्हिनेगरच्या द्रावणाने झाली. ती करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. दहावीपर्यंत शिकलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या स्त्रिया होत्या. बारा वर्षांअखेर त्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी आढळले. उरलेल्या निम्म्या स्त्रियांना तपासणीविना ठेवणे न्याय्य होते काय, हा वादही झाला आणि तो विसरू नये.

नुसत्या हुकमाचे काय होते, तेही आपण पाहिले. मध्य प्रदेशाने २०१२ साली, देशात सर्वप्रथम, गुटख्यावर बंदी घातली. मग पानमसाला आणि तंबाखू यांच्या पुड्या वेगवेगळ्या विकल्या जाऊ लागल्या. कायदा हवाच, पण गल्लीचे मन वळल्याविना तो पानाच्या टपरीपाशी अडतो.

म्हणून माझी एक विनंती आहे. या स्मृतिदिनी दरवर्षी शाळेने एक खोली उघडी ठेवावी. माजी विद्यार्थ्यांपैकी डॉक्टरांनी तेथे बसावे, आणि शिपायापासून अध्यक्षांपर्यंत सर्वांनी रक्तदाब व साखर तपासून घ्यावी. ज्या गल्लीतून सर्वांत अधिक लोक येतील, तिचे नाव व्यासपीठावरून वाचावे. गुरुजींना हार घालण्याआधी एवढे व्हावे.