रस्किनसाहेब, जरा वर बघा!

सीएसएमटीला लोकल चुकली की मी बाहेर येऊन स्टेशनाच्या भिंती बघत उभा राहतो. दगडात पानं आहेत, मोर आहेत, माकडंही आहेत.

हा गॉथिक थाट इंग्लंडातून आलेला. कारखान्यांच्या धुराला वैतागलेल्या तिथल्या लोकांनी एकोणिसाव्या शतकात मध्ययुगातली टोकदार कमान पुन्हा उभी केली. जॉन रस्किनने १८५३मध्ये त्यामागचा विचार मांडला : गॉथिकमध्ये कारागीर मोकळा असतो. त्याची चूकही दगडात राहते, कारण तो यंत्र नसतो. मला हे आजही पटतं.

पण हाच रस्किन १८५८मध्ये, सत्तावनच्या उठावाच्या बातम्या ताज्या असताना, लंडनमधल्या भाषणात म्हणाला की भारतीय कलावंत निसर्गाकडे बघतच नाही. फुलाऐवजी तो नागमोडी रेघ काढतो, माणसाऐवजी आठ हातांचा राक्षस. म्हणजे मोकळ्या कारागिराचं कौतुक आपल्यासाठी नव्हतंच!

त्यानंतर वीस वर्षांनी, १८७८मध्ये, बोरीबंदरला फ्रेडरिक स्टीव्हन्सच्या आराखड्यावर या स्टेशनाचं काम सुरू झालं. ते दहा वर्षं चाललं. नक्षीकामात जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा मोठा वाटा होता. शाळा साहेबाची, शैली साहेबाची, हे खरंच. पण मोराचा पिसारा दगडातून काढणारा हात इथल्या पोरांचा होता. स्टीव्हन्सचं नाव कुठल्याही माहितीपुस्तिकेत मिळतं. पोरांचे फक्त मोर उरलेत. त्यांच्या डोक्यावर कबुतरं बसतात, आणि खालून आम्ही सहा बावीसची फास्ट पकडायला धावतो.